लडाखच्या तळ्यांचा १९५० च्या दशकातला टोपो नकाशा: शोधण्यापासून मोबाईलवर आणेपर्यंत (रुमत्से ते त्सो मोरीरी रूट धरून)

सह्याद्रीत फिरणाऱ्या बऱ्याच जणांना सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट (डोंगरांची उंची दाखवणारे तपशीलवार नकाशे) माहीत असतात, पुण्याची ४७ एफ वगैरे नंबर तोंडपाठ असतात. पण तीच मंडळी लडाखचा ट्रेक ठरवतात तेव्हा गाडी अडते, कारण सीमेलगतच्या भागाच्या मोठ्या स्केलच्या शीट आपल्यासारख्यांना सहज मिळत नाहीत. मग उरतं काय, तर गूगल, ओपनस्ट्रीटमॅप, आणि एजन्सीवाल्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं बाणबिण काढलेलं एक चित्र. तर या सगळ्यात एक जुनी, फुकट आणि कायदेशीर गोष्ट आहे ती म्हणजे अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसची यू-५०२ सिरीज. १:२,५०,००० स्केल, साधारण १९५० च्या दशकात बनलेली, अख्खा भारत आणि पाकिस्तान व्यापणारी. अमेरिकन सरकारचं काम असल्याने पब्लिक डोमेनमध्ये आहे, आणि टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टानेडा लायब्ररीने स्कॅन करून ऑनलाइन ठेवलीये.

आधीच सांगतो, हा नकाशा घेऊन कोणी वाट शोधत चालायचं नाहीये. याचा उपयोग डोंगराचा एकूण आकार समजायला, जुन्या वाटा कुठल्या खिंडीतून जायच्या ते बघायला आणि आजच्या नकाशांवर नसलेली नावं मिळवायला. खाली सगळं मनाली-लेह हायवेवरचं रुमत्से गाव ते त्सो मोरीरी तळं या ट्रेकच्या अंगाने लिहिलंय, कारण त्यात डोंगरही आहेत, त्सो कार आणि त्सो मोरीरी ही दोन मोठी तळी पण आहेत, आणि नकाशाच्या बाबतीत जेवढे घोळ होऊ शकतात तेवढे सगळे याच रूटवर एकत्र आलेत.

पहिलं काम: कुठल्या शीट लागतील

यू-५०२ चे नंबर बघून लोक घाबरतात पण पद्धत एकदम सरळ आहे. जगाचे ४ अंश अक्षांश गुणिले ६ अंश रेखांशाचे तुकडे पाडलेत. एनआय म्हणजे उत्तर गोलार्धातला ३२ ते ३६ अंशांचा पट्टा. त्यापुढचा ४३ किंवा ४४ हा रेखांशाचा पट्टा, ४३ म्हणजे ७२ ते ७८ अंश पूर्व, ४४ म्हणजे ७८ ते ८४. अशा एका तुकड्यात १६ शीट, चार ओळी, ओळीत चार, डावीकडून उजवीकडे वरून खाली मोजायच्या. प्रत्येक शीट १ अंश उंच आणि दीड अंश रुंद, म्हणजे जमिनीवर अंदाजे १११ बाय १४० किलोमीटर.

आता हिशोब लावा. रुमत्से साधारण ३३.६ उत्तर, ७७.७ पूर्व, म्हणजे एनआय ४३-१२. त्सो कारच्या पूर्वेचा भाग, पुगा, माहे हे सगळं एनआय ४४-९ वर, ज्याच्या वरच्या भागात पँगाँग पण येतं. आणि त्सो मोरीरीच्या काठचं कोरझोक गाव ३३ अंशाच्या जरासं खाली असल्याने ते एनआय ४४-१३ वर. एका आठवड्याच्या ट्रेकला तीन शीट! लेह शहर हवं असेल तर अजून एक, एनआय ४३-८.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या पद्धतीत हाच भाग ५२ नंबरात येतो. तिथे अक्षरं वरून खाली, मग पुढचा स्तंभ, अशी चालतात, त्यामुळे ५२ एफ मध्ये लेह, ५२ जी आणि ५२ के च्या सीमेवर त्सो कार, आणि ५२ एल मध्ये त्सो मोरीरी. हे नंबर लक्षात ठेवा, जुन्या ट्रेकिंग रिपोर्टमध्ये असेच उल्लेख असतात आणि नंबर माहीत नसेल तर काहीच कळत नाही.

लायब्ररीच्या पानावर इंडेक्स नकाशा आहे, त्यात चौकोनावर क्लिक केलं की शीट उघडते. डाउनलोड करताना ब्राउझरमधल्या छोट्या प्रिव्ह्यूवर राइट क्लिक करून सेव्ह करू नका, पूर्ण साइजची फाइल उघडू द्या मग सेव्ह करा. फाइलचं नाव बदलून शीट नंबर आणि गाव असं ठेवा, नाहीतर महिन्याभराने कुठली कुठली ते समजत नाही.

दुसरं काम: समास वाचा, नकाशा नंतर

ही पायरी सगळे उडवतात आणि खरं तर सगळ्यात जास्त माहिती इथेच आहे. शीट उघडल्यावर डोळे आपोआप तळ्याच्या निळ्या रंगाकडे जातात, ते जाऊ देत, पण मग खाली या आणि समासातलं बारीक टायपात लिहिलेलं एकेक वाक्य वाचा.

काय काय बघायचं. एक, कुठल्या सालची माहिती वापरलीये. छापल्याचं साल आणि सर्व्हेचं साल या वेगळ्या गोष्टी आहेत. आर्मी मॅप सर्व्हिसने या भागात माणसं पाठवून मोजणी केलेली नाही, त्यांनी सर्व्हे ऑफ इंडियाचे आधीचे (मैलाला) अर्ध्या इंचाचे, पाव इंचाचे नकाशे घेऊन नवीन शीट जुळवल्या. म्हणजे वर १९५० च्या दशकातलं साल दिसलं तरी आतला एखादा नाला त्याहून कितीतरी जुन्या मोजणीतून आलेला असू शकतो. काश्मीर-लडाखची पहिली पद्धतशीर मोजणी १८५५ पासून पुढची दहा वर्षं माँटगोमेरी या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखाली झाली, पँगाँगच्या भागात १८६० च्या दशकात त्याच सर्व्हेतला गॉडविन-ऑस्टिन फिरला होता, आणि नंतरच्या नकाशांचा पाया बराचसा त्याच कामावर उभा आहे.

दोन, विश्वासार्हतेचा छोटा डायग्राम. समासात चौकटीत शीटची लहान प्रतिकृती असते आणि तिचे भाग पाडून कुठला भाग किती भरवशाचा, कशावरून काढलाय ते दाखवलेलं असतं. तुमचा रूट त्या चौकटीत पेन्सिलने काढून बघा आणि कुठल्या भागातून जातो ते लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

तीन, उंचीचं एकक आणि कंटूरचं (समान उंचीच्या रेषांचं) अंतर. हिमालयातल्या शीटवर उंच्या फुटात असतात आणि कंटूर मोठ्या अंतराने, पण प्रत्येक शीटच्या खाली लिहिलेलं असतंच, तेच धरा, शेजारच्या शीटवरून अंदाज बांधू नका. समजा अंतर ५०० फूट आहे, म्हणजे दोन रेषांमध्ये १५२ मीटर. आता विचार करा, १५२ मीटरमध्ये सह्याद्रीतला एखादा अख्खा कातळकडा लपून जातो. या नकाशावर उतार मऊ दिसला म्हणजे प्रत्यक्षात मऊच असेल असं नाही.

चार, सीमारेषेबद्दलची टीप. आंतरराष्ट्रीय सीमा अधिकृत समजू नये असं या शीटवरच छापलेलं असतं. याचं आपल्या दृष्टीने महत्त्व शेवटी सांगतो.

आणि पाच, कंपासवाल्यांसाठी, मॅग्नेटिक उत्तरेचा फरक जो छापलाय तो त्या काळचा आहे. आजचा आकडा ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर बघून शीटवर हाताने लिहा.

त्सो कारचा सांधा

इथे जरा थांबूया कारण हा भाग मला फार आवडतो. त्सो कार हे तळं बरोब्बर ७८ अंश पूर्व रेखांशावर बसलंय. म्हणजे काय, तर तळ्याचा एक तुकडा ४३-१२ च्या उजव्या कडेला आणि दुसरा ४४-९ च्या डाव्या कडेला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पद्धतीतही तेच, ५२ जी आणि ५२ के च्या मध्ये चिरलेलं. एकच शीट उघडलीत तर ट्रेकच्या मधोमध असलेलं मोठं तळं कागदाच्या कडेला अर्धवट संपलेलं दिसतं.

बरं एवढंच असतं तर दोन कागद शेजारी चिकटवले असते. पण ७८ अंश ही यूटीएम (मीटरमध्ये जागा सांगायची चौकटींची पद्धत) झोन ४३ आणि ४४ ची पण सीमा आहे. शीटवर निळी १० किलोमीटरची चौकट असते ती यूटीएमची. झोन ४३ ची चौकट ७५ अंशाला सरळ उभी असते, ४४ ची ८१ अंशाला, आणि मध्ये ७८ वर येईपर्यंत एक एका बाजूला सुमारे १.६ अंश कललेली असते आणि दुसरी तेवढीच उलट्या बाजूला. दोन्ही शीट त्सो कारपाशी जोडल्यात की निळ्या रेषा जुळतच नाहीत, सव्वातीन अंशांचा कोन करून भेटतात. हे बघून स्कॅन वाकडं आहे असं वाटतं आणि लोक फोटोशॉपमध्ये फिरवत बसतात. फिरवू नका, ते तसंच असायला हवं.

ग्रिड नंबरांचंही तेच. तळ्याच्या पश्चिमेकडच्या एखाद्या जागेचा ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर सांगणारा) आकडा एका शीटवर साडेसात लाखाच्या पुढे असतो आणि तळ्याच्या पलीकडे दोन-चार किलोमीटर गेलं की एकदम सव्वादोन लाखाच्या आसपास. म्हणून या रूटवर यूटीएम आकडे एकमेकांना पाठवताना झोन लिहिल्याशिवाय पाठवूच नका, किंवा सरळ अक्षांश-रेखांशात बोला, मी तर तेच सुचवेन.

तिसरं काम: क्यूजीआयएसमध्ये जागेवर बसवणं

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. नवीन व्हर्जनमध्ये जिओरेफरन्सर (स्कॅनला अक्षांश-रेखांश जोडणारं टूल) हा लेयर मेनूत आहे, जुन्यांमध्ये रास्टर मेनूत होता.

आधी स्कॅनची ताकद मोजून घ्या. दोन निळ्या रेषांमधलं अंतर १० किलोमीटर, कागदावर ४ सेंटीमीटर. स्कॅनवर तेवढ्या अंतरात किती पिक्सेल येतात ते बघा. समजा ३०० आले तर एक पिक्सेल म्हणजे ३३ मीटर. हा आकडा कळला की पुढे किती चूक चालेल ते आपोआप ठरतं.

मग जिओरेफरन्सरमध्ये शीट उघडा आणि पॉइंट टाकायला लागा. चौकटीवर १५-१५ मिनिटांच्या खुणा असतात, आतमध्ये बारीक क्रॉस. चारही कोपरे घ्या, कडेचे मधले घ्या, आतले तीन-चार घ्या, एकूण डझनभर झाले तर उत्तम. झूम करून क्रॉसच्या मध्यावर क्लिक करायचं. आकडे टाकताना दोन गोष्टी: एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश, उलटं टाकलं की नकाशा रशियाच्या वर आर्क्टिक समुद्रात जातो. आणि १५ मिनिटं म्हणजे ०.१५ नाही, ०.२५. ३३ अंश १५ मिनिटं म्हणजे ३३.२५, ३० मिनिटं म्हणजे .५, ४५ म्हणजे .७५. किंवा अंश मिनिटं सेकंद मध्ये जागा सोडून टाका, क्यूजीआयएसला समजतं.

आता सिस्टिम कुठली निवडायची. हा नकाशा एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या मापावर) आणि भारतीय डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजायच्या आधारावर) आहे, ज्याचा मूळ बिंदू मध्य प्रदेशातल्या कालियानपूरला. मोबाईलचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हा जागतिक डेटम वापरतं. म्हणून टार्गेट सिस्टिममध्ये कालियानपूर १९७५ असं शोधा, कोड ईपीएसजी ४१४६, ती निवडा. नंतर क्यूजीआयएस स्वतःच ती डब्ल्यूजीएस ८४ वर फिरवून दाखवतं. कधीकधी कुठलं ट्रान्सफॉर्मेशन वापरू असा डबा उघडतो, त्यात भारत लिहिलेलं निवडा.

हे केलं नाही तर किती फरक पडतो? लडाखमध्ये अक्षांश-रेखांश तसेच वापरले तर अंदाजे १४० मीटर, मुख्यतः पूर्व-पश्चिम. नकाशावर तो अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. म्हणजे खरं सांगायचं तर या स्केलला डेटमवरून जेवढी भांडणं होतात तेवढी त्याची लायकी नाहीये, रेषेची जाडीच शंभरेक मीटर असते. पण यूटीएमचे आकडे शीटवरून वाचून जसेच्या तसे डब्ल्यूजीएस ८४ म्हणून टाकले तर मात्र गोलाभाच्या साइजचा फरक पण त्यात मिसळतो आणि उत्तर-दक्षिण अडीचशे-तीनशे मीटरने चुकतं. तेव्हा ४१४६ लावून टाका, दोन क्लिकचं काम आहे.

खरा मोठा घोळ जिओरेफरन्सरच्या ट्रान्सफॉर्मेशन टाइपमध्ये (स्कॅन ताणून जागेवर बसवायच्या गणितात) होतो आणि त्याबद्दल कोणी फारसं सांगत नाही. डीफॉल्ट किंवा सोपं म्हणून लोक पॉलिनॉमियल १ घेतात. पण शीट वरून अरुंद आणि खालून रुंद असते, कारण रेखांश उत्तरेकडे जवळ येतात. ३३ अंशावर दीड अंश म्हणजे १४० किलोमीटर, ३४ वर साधारण १३८.४. कागदावर साडेसहा मिलिमीटरचा फरक! पॉलिनॉमियल १ फक्त सरकवू, फिरवू, ताणू आणि तिरकं करू शकतं, समांतर बाजू समांतरच ठेवतं, त्यामुळे कोपऱ्यांत चारशे मीटरपर्यंत चूक राहते. म्हणून अक्षांश-रेखांशात काम करताना पॉलिनॉमियल २ घ्या, त्याला कमीत कमी ६ पॉइंट लागतात, आपल्याकडे डझन आहेतच.

थिन प्लेट स्प्लाइन नावाचा पर्याय मोहात पाडतो कारण त्यात एरर शून्य दाखवतो. तो शून्यच दाखवणार, कारण प्रत्येक पॉइंट जबरदस्तीने जागेवर ओढला जातो, मग तुम्ही एखादा आकडा चुकीचा टाकला असेल तरी पत्ता लागत नाही. आधी पॉलिनॉमियल २ वर टेबलमधला रेसिड्युअल (प्रत्येक पॉइंटची उरलेली चूक) कॉलम बघा. दोन-तीन पिक्सेलच्या आत सगळे असतील तर झालं. एखादाच पॉइंट वीस पिक्सेल दाखवत असेल तर तो पॉइंट काढू नका लगेच, आधी त्याचा आकडा तपासा, नव्वद टक्के वेळा टायपिंगच असतं.

आउटपुट जीओटिफ (जागेची माहिती असलेली चित्राची फाइल), कॉम्प्रेशन एलझेडडब्ल्यू, रिसॅम्पलिंग क्यूबिक म्हणजे अक्षरं वाचता येतात. तिन्ही शीटचं असंच करा. नंतर समास कापायला क्लिप रास्टर बाय मास्क लेयर वापरा, नाहीतर एका शीटचा पांढरा समास दुसरीचा अर्धा नकाशा झाकतो. कापल्यावर त्सो कार अखंड दिसायला लागतं. पण मूळ समासवाली फाइल डिलीट करू नका हां, तो परत परत वाचायला लागतो.

चौथं काम: आजच्या जमिनीशी ताडून बघणं

खाली सॅटेलाइट इमेज लावा, जुनी शीट वर ठेवून तिची ट्रान्सपरन्सी कमी-जास्त करा. तपासायला तळ्याचा काठ घेऊ नका! त्सो कारचा काठ हलता आहे. हे तळं एकेकाळी खूप मोठं होतं, आजूबाजूच्या उतारांवर जुन्या काठाच्या पायऱ्या सॅटेलाइटवर पण दिसतात, आणि सपाट मिठागरासारख्या जमिनीत पाण्याची पातळी जराशी बदलली तरी काठ लांबवर सरकतो. त्यामुळे काठ जुळला नाही म्हणजे तुमचं काम चुकलं असं नाही, आणि जुळला म्हणजे बरोबर असंही नाही.

त्यापेक्षा नदीचे संगम घ्या, घळईतले. पुगा नाला माहेजवळ सिंधूला मिळतो ती जागा चांगली आहे, डोंगरांनी दोन्हीकडून आवळलेली असल्याने संगम फार हलू शकत नाही. दुसरं म्हणजे शिखरं. त्सो मोरीरीच्या पूर्वेला चामसेर कांग्री आणि लुंगसेर कांग्री, दोन्ही ६६०० मीटरच्या वरची, आणि पश्चिमेला कोरझोकच्या मागे मेंतोक. ही जुन्या सर्व्हेत दुरून कोन घेऊन मोजली जायची त्यामुळे त्यांच्या जागा सहसा पक्क्या असतात.

इथे जुना सर्व्हेवाला काम कसं करायचा ते समजून घेतलं की नकाशावर कुठे विश्वास टाकायचा ते आपोआप कळतं. तिपाईवर लाकडी पाट, त्याला कागद, हाच प्लेन टेबल. उंच जागी जायचं, आधीच मोजून ठेवलेल्या शिखरांवरून स्वतःची जागा पक्की करायची, मग पट्टीतून बघत समोर जे दिसेल त्याकडे रेषा मारायच्या, दुसऱ्या ठाण्यावरून त्याच गोष्टीकडे परत रेषा, जिथे छेदतील तिथे ती वस्तू. काश्मीर सर्व्हेची काही ठाणी १९-२० हजार फुटांवर होती, आणि तिथे ढग उठायची वाट बघत बसायचं. आता जे दिसलं ते बरोबर. पण सोंडेच्या मागचा नाला दिसलाच नाही तर? तो अंदाजाने जोडला जायचा. म्हणून मुख्य धारा, शिखरं, मोठी नदी चांगली, आणि आतल्या उपनाल्यांचे फाटे, त्यांची वळणं, लहान खिंडींची नेमकी जागा संशयास्पद. सॅटेलाइटवर ताडताना नेमकं हेच दिसतं, शिखर शंभर-दोनशे मीटरमध्ये बसतं आणि त्याच्याच मागचा नाला किलोमीटरभर भलतीकडे.

उंच्यांसाठी एसआरटीएमचा डेटा घ्या, फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलवरून रडारने मोजलेला, ३० मीटरच्या आसपासच्या चौकोनांचा, फुकट. क्यूजीआयएसमध्ये त्यातून १०० मीटरचे कंटूर काढून जुन्या शीटवर लाल रंगात टाका. फुटाचं मीटर करताना ०.३०४८ ने गुणायचं, १७,५०० फूट म्हणजे ५,३३४ मीटर. मग रूटची रेषा काढून एलिव्हेशन प्रोफाइल पॅनलमध्ये चढउतार बघा. रुमत्से रूटवर क्यामार ला पासून यालुंग न्याउ ला पर्यंत एकामागून एक खिंडी आहेत आणि शेवटची तर ५,४०० मीटरच्या आसपास, त्यामुळे दिवसाचे टप्पे पाडायला हे प्रोफाइल जुन्या कंटूरपेक्षा खूपच उपयोगी. जुन्या शीटचं काम इथे खिंडीचं नाव सांगण्यापुरतं.

नावांवरून, स्पेलिंगवर अडून बसू नका. त्सो मोरीरीला जुन्या नकाशात मोरारी सापडेल, कोरझोक करझोक होतं. उच्चार करून बघा, जवळपास असेल तर तेच. एवढे चार शब्द माहीत असले की पुरे: त्सो तळं, ला खिंड, चू पाणी किंवा ओढा, सुमदो संगम.

काय नसणार या नकाशावर

रस्ते. आज मनाली-लेह हायवे रुमत्सेवरून टागलांग ला चढून मोरे प्लेन्समध्ये उतरतो, तिथून फाटा त्सो कारला, पुढे पोलो कोंगका ला वरून पुगा आणि माहे. जुन्या शीटवर या सगळ्या जागी माणसांच्या आणि खेचरांच्या वाटा आहेत. आणि नेमकी हीच गोष्ट कामाची आहे, कारण जिथे जुनी वाट होती पण रस्ता दुसऱ्या बाजूने गेला, त्या दऱ्या आजही शांत राहिल्यात. तुटक रेषेची जुनी वाट वेगळ्या लेयरमध्ये ट्रेस करा, त्यावर आजचे ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते टाका, आणि जिथे फक्त जुनी रेषा उरते ते तुकडे सॅटेलाइटवर झूम करून बघा. चांगपा लोकांची (इथल्या भटक्या पशुपालकांची) आणि त्यांच्या जनावरांची पायवाट असेल तर पिवळट उतारावर बारीक समांतर रेघा दिसतात. दिसल्या नाहीत तर ती वाट मोडलीये असं धरून चाला, आणि लेहमधल्या किंवा रुमत्सेतल्या घोडेवाल्याला विचारल्याशिवाय प्लॅनमध्ये घेऊ नका. त्याचा शब्द शेवटचा.

पाण्याचं पण बघा. त्सो कार खारं आहे, पूर्वी चांगपा इथून मीठ काढायचे. त्याच्या दक्षिणेचं स्टार्टसापुक त्सो गोडं. नकाशावर दोन्ही सारखीच निळी! पिण्याच्या पाण्यासाठी झरे आणि वाहते ओढे शोधा आणि ते ऑगस्ट-सप्टेंबरच्या सॅटेलाइट इमेजवर ओले दिसतायत का ते तपासा. सेंटिनेल-२ च्या इमेज फुकट आहेत आणि तारीख निवडता येते, त्यासाठी मस्त. आणि काठाच्या गवताळ पाणथळ भागात तंबू ठोकायचा नाही, काळ्या मानेचे क्रौंच तिथे घरटी करतात. त्सो कार आणि त्सो मोरीरी दोन्ही महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत.

पाचवं काम: मोबाईलवर

क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये एक्सवायझेड टाइल्स, एमबीटाइल्स असं टूल आहे, ते नकाशाचे छोटे तुकडे करून मोबाईलसाठी एका फाइलमध्ये भरतं. तुमच्या रूटच्या आजूबाजूचा आयतच निवडा, अख्ख्या तीन शीट नकोत. झूम ८ ते १३ पुरे, या स्कॅनमध्ये त्यापुढे काही दिसत नाही, फाइल मात्र चौपट होत जाते. ती फाइल ओरुक्समॅप्स किंवा लोकस मॅप या ॲपमध्ये टाका. आयफोनवाल्यांनी अवेन्झामध्ये जीओटिफ टाकावी, फुकट व्हर्जनमध्ये मोजकेच नकाशे चालतात त्यामुळे तीन शीट आधीच एकत्र करून एकच फाइल टाका.

घरी असतानाच फोन एअरप्लेन मोडवर टाकून ॲप बंद करून परत उघडा. नकाशा दिसला तरच तो ऑफलाइन आहे. दुसरा लेयर म्हणून ओपनस्ट्रीटमॅपचा ऑफलाइन नकाशा ठेवाच, चालताना समोर तो असायला हवा. थंडीत बॅटरी भसाभस उतरते, फोन आतल्या खिशात ठेवायचा. कागदावर पण एक प्रिंट, ए३ वर, स्केल बार प्रिंटमध्ये घ्यायला विसरू नका कारण प्रिंटर फिट टू पेज करून टाकतो आणि मग १:२,५०,००० या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

कायद्याचं, थोडक्यात पण सिरियसली

सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. अमेरिकन शीटवरच्या सीमा आपल्या अधिकृत नकाशासारख्या नसतात, आणि ४४-९ वर तर पँगाँगचा भाग येतो. तेव्हा स्वतःपुरतं वापरणं वेगळं आणि इन्स्टावर पूर्ण शीटचा स्क्रीनशॉट टाकणं वेगळं. ग्रुपमध्ये पाठवायचं तर रूटपुरता तुकडा कापून पाठवा, सीमेकडचा भाग काढून टाका, किंवा नकाशा न पाठवता फक्त जीपीएक्स ट्रॅक (वाटेच्या जीपीएस बिंदूंची फाइल) पाठवा.

सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी ती छोटी डिव्हाइस परवान्याशिवाय भारतात चालत नाहीत, परदेशातून येणाऱ्या मित्रांना आधीच सांगा, विमानतळावरच अडकतात लोक. इनर लाइन परमिटचे (सीमेलगतच्या भागात जायच्या परवान्याचे) नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात लेह प्रशासनाच्या पोर्टलवर बघा आणि परमिटच्या चार-पाच झेरॉक्स ठेवा. चेकपोस्टवर लॅपटॉप उघडून जुने नकाशे दाखवत बसू नका. जवानांना तुमच्या जिओरेफरन्सिंगमध्ये इंटरेस्ट नसतो आणि नसलेलाच बरा.

ट्रेकवरून आल्यावर एक करा. तुमचा ट्रॅक क्यूजीआयएसमध्ये जुन्या शीटवर टाका आणि जिथे जिथे खिंड, झरा, कॅम्पची जागा नकाशापेक्षा वेगळी निघाली तिथे पॉइंट टाकून दोन शब्द लिहा: तारीख, पाणी होतं का, घोडेवाल्याने काय नाव सांगितलं. नावं आणि पाण्याच्या जागा ओपनस्ट्रीटमॅपवर पण घालता येतात, पण फक्त स्वतः बघितलेल्या, जुन्या शीटवरून उतरवलेल्या नाहीत.